कागद राखणे

माझे वडील छत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवीत होते. वाईच्या आसपासच्या गावांतली मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांच्या तयारीसाठी त्यांच्यापुढे बसत, आणि जलरंगाच्या पहिल्याच तासाला त्यांना एक वाक्य ऐकावे लागे : "आधी कागद राखायला शिका." जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही, असा अप्पांचा दंडक होता. जेथे ऊन पडले आहे, जेथे पाणी चमकते आहे, तेथे कागद कोरा सोडायचा. रंग त्याच्या कडेपर्यंत आणायचा आणि तेथे थांबवायचा. रंग लावणे कोणालाही येते, तो थांबवणे येत नाही, असे ते म्हणत. मला ते कधीच साधले नाही. चित्रकलेचा नाद सोडून मी एम. ए. झालो आणि सरकारी नोकरीत शिरलो. थांबवण्याची कला तेथेही पुष्कळ शिकायला मिळते, पण ती निराळी.

तीन वर्षांपूर्वी अप्पांचा उजवा हात थरथरू लागला. हात मांडीवर असला की शांत असे. पेला उचलला किंवा सहीसाठी लेखणी धरली की त्याला कंप सुटे. डॉक्टरांनी या विकाराचे नाव एसेन्शियल ट्रेमर असे सांगितले, जिवाला धोका नाही असेही सांगितले, आणि आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अप्पांनी मात्र दुसऱ्या दिवशी रंगांची पेटी बांधून माळ्यावर टाकली. डॉक्टरांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले होते, मान्य केले नव्हते, असे आता वाटते.

पुढच्या सुटीत दिल्लीहून जाताना मी बरोबर एक पाटी नेली. संगणकाला जोडायची, आणि जिच्या काचेवर लेखणीने रेखाटले की रेघ तेथेच उमटते, अशी पाटी. तिच्यासाठी संगणकात 'क्रिटा' नावाची चित्रकलेची प्रणाली घालून ठेवली. ही प्रणाली जगभरातल्या हौशी आणि तज्ज्ञ मंडळींनी मिळून रचलेली आहे आणि ती विनामूल्य मिळते. तिचे नाव कानाला संस्कृत वाटते. प्रत्यक्षात तो स्वीडिश भाषेतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ खडू असा आहे. हे ऐकल्यावर अप्पा म्हणाले, "म्हणजे आपल्याच जातकुळीतला निघाला." मला वाटले, निम्मे काम झाले.

ते झाले नव्हते. त्यांनी मेणवलीचा घाट काढायला घेतला. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेत उतरणाऱ्या त्या काळ्या दगडी पायऱ्या त्यांनी आयुष्यात किती वेळा काढल्या असतील, याची गणती नाही. पहिल्या पायरीच्या सावलीचा रंग त्यांनी भरायला घेतला आणि कुंचला थरथरत उन्हाच्या पट्टीवर गेला. पुसून पुन्हा भरला, पुन्हा तेच. अप्पांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "हात तोच आहे, रे. पाटी बदलून काय होणार?"

तेव्हा मी त्यांना 'निवड' दाखवली. ज्यांनी ही साधने पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावरील चित्राच्या एखाद्या भागाभोवती आपण कुंपण घालायचे. ते घातले की रंग, खोडरबर, काहीही त्या कुंपणापलीकडे चालत नाही. कुंचला बाहेर फिरवला तरी बाहेर खूण उमटत नाही. आमच्या कचेरीच्या भाषेत बोलायचे तर कुंचल्याचे अधिकारक्षेत्र ठरवून दिले जाते, आणि विशेष म्हणजे येथे ते पाळलेही जाते. कुंपण घालण्याची साधने अनेक आहेत : आयताचे, लंबवर्तुळाचे, मुक्तहस्त रेघेचे, वळणदार रेघेचे. अप्पांना उपयोगी पडले ते बहुभुजाचे. त्यात रेघ ओढायची नसते. कोपऱ्याकोपऱ्यावर लेखणी नुसती टेकवायची. दोन टेकूंमधली सरळ रेघ प्रणाली स्वतः जोडते, आणि शेवटी दोनदा टेकवले की आकृती बंद होते. थरथरणाऱ्या हाताला एक लांब रेघ ओढता येत नाही, परंतु मनगट काचेवर टेकून, हात स्थिर होईपर्यंत थांबून, एक ठिपका देता येतो. मग पुन्हा थांबून दुसरा. शिफ्टची कळ दाबून कुंपण घातले की पहिल्या निवडीत भर पडते. आल्टची कळ दाबून घातले की तेवढा भाग वजा होतो. एका पायरीला अप्पांना दहा मिनिटे लागली. पण नंतर त्यांनी जाड कुंचला घेतला आणि त्या पायरीवर मोकळेपणाने, हात कापतो आहे याची पर्वा न करता, सावली फिरवली. उन्हाची पट्टी कोरी राहिली.

ते पाहून त्यांना आनंद झाला असेल, असे आपणास वाटेल. मलाही तसेच वाटले होते. ते गप्प बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "ही लबाडी आहे."

मी वाद घालायला सज्जच होतो. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मी कच्छला गेलो असता अजरखपूर पाहिले होते. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या काही खत्री कारागिरांनी भुजजवळ वसवलेले हे गाव. तेथे लाकडी ठशाने कापडावर चुना आणि डिंक यांचा लेप उमटवतात आणि मग कापड निळीच्या पिंपात बुडवतात. लेपाखालचे कापड पांढरे राहते, बाकीचे निळे होते. कारागीर निळीला कोठेही हात लावून आवरीत नाही. त्याने जागा आधीच राखलेली असते. ही लबाडी म्हणायची काय? बांधणीची गाठ लबाडी म्हणायची काय? शिळाछापावर चित्रे छापताना कोऱ्या राहायच्या भागावर डिंकाचे पाणी फिरवीत, ती लबाडी होती काय? मी चांगलेच भाषण केले. अप्पांनी ते शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "तो ठसा कुणीतरी आधी लाकडात कोरला असेल ना? इथे कोरलं कुणी?"

"तुम्हीच, अप्पा. एकेक ठिपका तुम्हीच दिलात."

यावर ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी पायरी निवडून तयार होती.

त्यांच्या या प्रश्नाचे महत्त्व मला नंतर कळले, आणि तेही माझ्या फजितीतून. त्यांचे काम लवकर व्हावे म्हणून मी त्यांना 'सलग रंगाची निवड' दाखवायला गेलो. या साधनाला अनेक जण जादूची कांडी म्हणतात. चित्रात एका जागी लेखणी टेकवली की त्या रंगाला लागून असलेला, त्याच्यासारखाच दिसणारा सर्व भाग एका क्षणात निवडला जातो. रंग किती निराळा असला तरी 'सारखा' धरायचा, हे आपण एका आकड्याने ठरवतो. आकडा लहान ठेवला तर निवड आकाशाच्या एका ठिपक्यापाशी अडते. मोठा ठेवला तर आकाशाबरोबर डोंगर, वाडा आणि झाडेही गिळून टाकते. मी आकडा जुळवला, घाटावरील आकाश एका टिचकीत निवडले, त्यात निळा रंग ओतला आणि विजयी मुद्रेने अप्पांकडे पाहिले.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे काचेजवळ नेले. "झाडाभोवती ही पांढरी किनार कसली?"

किनार होतीच. रेघ मऊ दिसावी म्हणून तिच्या कडेला फिकट करड्या ठिपक्यांची एक रांग असते. ते ठिपके धड रेघेत नसतात, धड आकाशातही नसतात. कांडी त्यांना बाहेर ठेवते आणि रंग त्यांच्यापाशी येऊन अडतो. उपाय सोपा आहे. निवड एकदोन ठिपक्यांनी वाढवायची, म्हणजे रंग रेघेच्या पोटाखाली सरकतो. आणि रेघा एका थरावर व रंग तिच्याखालच्या थरावर ठेवायचा. हेही मी करून दाखवले. किनार गेली. तरीही अप्पांचे समाधान झाले नाही. "किनार गेली, पण कडा मेली," ते म्हणाले. "झाडाची कडा सगळीकडे सारखीच कापलेली. पानं विरळ होतात तिथे आकाश आत शिरतं, फांदी दाट आहे तिथे अडतं. या तुझ्या कांडीला हे कोण सांगणार?"

आज ही प्रणाली वापरणाऱ्या नवशिक्यांची कामे मी हौसेने पाहतो, आणि बहुतेकांत हाच दोष आढळतो. चित्र सुबक असते, रंगसंगती निर्दोष असते, आणि तरी सगळ्या वस्तू कात्रीने कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. दोष साधनाचा नाही. कडा कोठे कठोर आणि कोठे मवाळ असावी हा निर्णय चित्रकाराचा. तो त्याने एका टिचकीवर सोपवला, एवढेच झालेले असते. डोळा जेथे थांबावा तेथे कडा टोकदार ठेवायची आणि जेथून सरकून जावा तेथे विरवायची, ही गोष्ट जलरंगवाल्यांना शिकवावी लागत नाही. ओल्या कागदावर रंग टाकला की तो आपोआप विरतो. सुक्या कागदावर टाकला की अडतो. संगणकाचा कागद नेहमीच सुका असतो, हे ध्यानात ठेवायला हवे.

आता एक मौजेची गोष्ट. निवड केली की तिच्या कडेने तुटक रेघ सरकताना दिसते, मुंग्यांची रांग चालावी तशी. जगभर तिला 'चालत्या मुंग्या' असेच म्हणतात. ही युक्ती बिल ॲटकिन्सन यांची. १९८४ साली मॅकिंटॉश संगणकाबरोबर आलेली 'मॅकपेंट' ही चित्रप्रणाली त्यांनी रचली. तेव्हाचा पडदा केवळ काळापांढरा होता. निवडीची रेघ काळी ठेवावी तर ती काळ्या भागावर दिसेना, पांढरी ठेवावी तर पांढऱ्यावर दिसेना, आणि उघडझाप करावी तर डोळ्यांना त्रास. अशात त्यांना विजेवर उजळणाऱ्या बिअरच्या एका जाहिरातीत धबधब्याचे पाणी वाहत असल्याचा भास दिसला, आणि त्यावरून सरकत्या तुटक रेघेची कल्पना सुचली. सरकणारी रेघ कोणत्याही पार्श्वभूमीवर नजरेत भरते. ॲटकिन्सन २०२५ साली वारले. त्यांच्या मुंग्या मात्र चित्रकारांच्या पडद्यांवर अजून चालतच आहेत.

पण या मुंग्या फसवतात. त्या एकच रेघ दाखवतात, म्हणून आपल्याला वाटते की रेघेच्या आत सगळे निवडलेले आणि बाहेर काहीच नाही. वस्तुस्थिती अशी नाही. चित्रातील प्रत्येक ठिपका कमीअधिक प्रमाणात निवडलेला असू शकतो. आठ बिटांच्या हिशेबात शून्य म्हणजे मुळीच नाही, २५५ म्हणजे पूर्ण, आणि मधल्या प्रत्येक पायरीला रंग तेवढ्याच प्रमाणात बसतो. निवडीची कडा विरवण्याची आज्ञा दिली की कडेपाशी अशा मधल्या पायऱ्या तयार होतात. म्हणजे कुंपण हे कुंपण राहत नाही; ते उतरत्या बांधासारखे होते.

हे मी अप्पांना समजावून सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग ही निवड करड्या रंगात रंगवता का येऊ नये?"

ती रंगवता येते. क्रिटात निवडीच्या यादीत एक आज्ञा आहे, तिने संपूर्ण निवड मुखवट्याच्या रूपाने थरांच्या यादीत दिसू लागते. तिच्यावर पांढरा कुंचला फिरवला की जागा निवडली जाते, काळा फिरवला की वगळली जाते, करडा फिरवला की अर्धवट राहते. मी हे साधन काही महिने वापरीत होतो, पण ते एवढे महत्त्वाचे आहे हे मला सुचले नव्हते. अप्पांना ते ऐकताक्षणी कळले, कारण त्यांच्या दृष्टीने हा कागद राखण्याचाच प्रकार होता. त्यांनी झाडासाठी कांडी टाकून दिली. झाडाची निवड त्यांनी मुखवट्यावर, खरखरीत कुंचल्याने, थरथरत्या हाताने रंगवली. पानांच्या विरळ कडेला त्यांच्या हाताचा कंप इतका शोभून दिसला की मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांना ते सांत्वन वाटले असते.

एवढी तयार केलेली निवड वाया जाऊ नये म्हणून ती थराला जोडून जतनही करता येते. अप्पांच्या थरांच्या यादीत अशा बारा निवडी आहेत आणि त्यांना त्यांनी मराठीत नावे दिली आहेत : 'पायऱ्या वरच्या', 'पायऱ्या ओल्या', 'झाड', 'झाड पलीकडचे', 'उन्ह'. सरकारी दफ्तर इतके नीट लावलेले मी क्वचित पाहिले आहे.

मी दिल्लीला परतलो. तीन आठवडे रोज संध्याकाळी त्यांचा दूरध्वनी येई, आणि घाट कोठवर आला ते कळे. मग एकाएकी दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आईचा आला. "अरे, ह्यांनी पाटी पुसून कपाटात ठेवली. काही विचारलं तर नुसते हं म्हणतात."

मी अप्पांना बोलते केले तेव्हा समजले ते असे. परवा सकाळी ते घाटाजवळचे पाणी रंगवायला बसले. कुंचला फिरवला, काही उमटले नाही. जोर देऊन फिरवला, दुसरा कुंचला घेतला, रंग बदलला, संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि तेच चित्र उघडले. काहीच उमटेना. "मला वाटलं, हाताचा जोरच गेला," ते म्हणाले. "पाटीला माझा हात ओळखू येईना, असं वाटलं. म्हटलं, कुणाला कशाला सांगायचं."

प्रणालीत काही बिघाड नव्हता, हातात तर नव्हताच. क्रिटा वापरणाऱ्यांना वारंवार पडणाऱ्या कोड्यांपैकी हे एक आहे, आणि त्याचे उत्तर मला तोंडपाठ होते.

"अप्पा, कुठे मुंग्या दिसतात का?"

"नाहीत."

"सबंध चित्र दिसेल इतकं लहान करा, आणि कोपरे पाहा."

बराच वेळ काही आवाज नाही. मग, "आहेत. वर, आकाशाच्या कोपऱ्यात. तिळाएवढा चौकोन."

लेखणी घसरून आयताच्या साधनाने केव्हातरी तो तिळाएवढा चौकोन निवडला गेला होता, आणि चित्राबरोबर जतनही झाला होता. त्या क्षणापासून कुंचल्याला फक्त तेवढ्याच जागेत परवानगी होती. अप्पा पाण्यावर चित्र मोठे करून काम करीत होते, म्हणून मुंग्या नजरेबाहेर राहिल्या. कंट्रोल, शिफ्ट आणि ए या तीन कळा एकदम दाबल्या की कोणतीही निवड सुटते. त्यांनी त्या दाबल्या. पलीकडून लेखणी काचेवर घासल्याचा बारीक आवाज आला. मग त्यांनी फोन ठेवला. निरोप घेतला नाही.

या दोन दिवसांचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना कागद राखायला शिकवले, त्याला तिळाएवढ्या जागेबाहेर सगळाच कागद राखून ठेवलेला मिळाला, आणि त्याने त्याचा दोष आपल्या हातावर घेतला. पाटी देताना मी त्यांना पंचवीस गोष्टी शिकवल्या होत्या. ही एक शिकवायची राहिली होती. आता कोणालाही ही साधने शिकवण्याचा प्रसंग आला तर मी निवड घालण्याआधी ती सोडायला शिकवतो. कंट्रोल आणि एच या कळांनी मुंग्या नुसत्या लपतात, निवड सुटत नाही, हेही बजावतो. कारण लपलेली निवड त्या तिळापेक्षाही वाईट.

अप्पांनी त्या तीन कळांची चिठ्ठी लिहून पाटीच्या चौकटीवर चिकटवली आहे. तीवर त्यांनी मथळा घातला आहे, 'कुंपण काढणे'.

घाटाचे चित्र दिवाळीच्या सुमारास पुरे झाले. पायऱ्यांच्या कडा टोकदार आहेत, पाऊस सरल्यानंतरच्या उन्हात त्या दिसतात तशाच. झाड मुखवट्यातून आलेले आहे. पाण्यात मात्र त्यांनी एकही निवड वापरली नाही. पायऱ्यांची प्रतिबिंबे त्यांनी सरळ कुंचल्याने, हात कापत असतानाच, आडव्या फटकाऱ्यांनी काढली आहेत. वाईच्या एका जुन्या विद्यार्थ्याने चित्र पाहून विचारले, "सर, पाणी इतकं हलतं कसं दाखवलंत?" अप्पांनी त्याला उत्तर दिले नाही, पण मला फोनवर तो प्रश्न दोनदा सांगितला.

सध्या ते तेथील देवळातली घंटा काढीत आहेत, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आणलेली म्हणून सांगतात ती. तिचा ओठ गोल असल्यामुळे बहुभुज चालत नाही आणि वळणदार रेघेचे साधन त्यांना अजून वश झालेले नाही. ओठाची निवड त्यांनी चार वेळा पुसली आहे. रविवारी मी वाईला जाणार आहे, तेव्हा आम्ही दोघे मिळून पुन्हा घालून पाहू.